समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मची वीज: जागेवरचं टर्बाइन की किनाऱ्यावरून केबल?

मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथल्या पंपांना, कॉम्प्रेसरना, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या यंत्रांना, राहत्या खोल्यांना आणि खानावळीला चोवीस तास वीज लागते, आणि ती जमिनीवरून जात नाही. निघणाऱ्या गॅसमधला थोडा गॅस तिथल्या तिथे टर्बाइनमध्ये जाळून ती तयार होते. जगातल्या बहुतेक ऑफशोअर क्षेत्रांची हीच रीत आहे. नॉर्वेने मात्र १९९६ पासून वेगळी वाट धरली. समुद्रात नवं क्षेत्र विकसित करायचं असेल तर किनाऱ्यावरून वीज नेण्याचा हिशेब कंपनीने मांडून दाखवलाच पाहिजे, असं तिथल्या संसदेने त्या वर्षी ठरवलं. त्याच वर्षी ट्रोल-ए हा प्रचंड काँक्रीटचा प्लॅटफॉर्म किनाऱ्यावरच्या विजेवर सुरू झाला.

तुम्ही कंपनीत असा, सरकारी धोरण लिहीत असा किंवा ‘नेट झिरो’च्या घोषणा कितपत खऱ्या मानायच्या हे ठरवत असा, माझं मत आधीच सांगतो. केबलच्या जमिनीकडच्या टोकाला कुठली वीज आहे आणि क्षेत्राची किती वर्षं उरली आहेत, हे दोनच प्रश्न खरे. लांबी, दाब, वजन हे सगळं अभियंते सोडवतात. बरंचसं सोडवून झालंय.

टर्बाइनच्या बाजूने आणि विरोधात

टर्बाइनचं सर्वांत मोठं बळ म्हणजे ते कोणावर अवलंबून नाही. इंधन पायाखालून येतं. शिवाय त्याच्या एक्झॉस्टची उष्णता फुकट मिळते, आणि तेलातून पाणी वेगळं करायला तेल तापवावं लागतं, त्याला ती कामी येते. केबलचा विचार करणारे ही उष्णता हमखास विसरतात. टर्बाइन काढलंत तर इलेक्ट्रिक हीटर किंवा गॅसचा बॉयलर बसवावा लागतो, आणि बॉयलर बसवला की कार्बन मागच्या दाराने परत आला.

उणी बाजू कार्यक्षमतेची. प्लॅटफॉर्मवरचं साधं टर्बाइन गॅसमधल्या ऊर्जेपैकी साधारण ३० ते ३५ टक्क्यांचीच वीज करतं. तेही पूर्ण भारावर. प्रत्यक्षात एक बंद पडलं तर उत्पादन थांबू नये म्हणून गरजेपेक्षा एक जास्त चालू ठेवतात, सगळी अर्ध्यामुर्ध्या भारावर फिरतात आणि कार्यक्षमता आणखी घसरते. त्यात आवाज, वजन, देखभालीची माणसं आणि त्या माणसांसाठी हेलिकॉप्टर.

भारतात या गॅसच्या धुरावर, म्हणजे कार्बन उत्सर्जनावर, वेगळा कर नाही. नॉर्वेत १९९१ पासून आहे. तिथल्या देशांतर्गत कार्बन उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा तेल-वायू उद्योगाचा, आणि त्यातला बहुतांश या टर्बाइनमधून येतो. केबलचा खर्च तिथे परवडतो त्यामागे हा कर आहे. तो वजा केला तर नॉर्वेतले कितीतरी प्रकल्प कागदावरच राहिले असते.

केबल: एसी की डीसी

इथे थोडं थांबू, कारण पैसा इथेच ठरतो.

समुद्राखालची केबल म्हणजे मधे तांबं, भोवती इन्सुलेशन, वर धातूचं आवरण. विजेच्या भाषेत तो एक लांबलचक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, झाला. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, आणि दर वेळी ही केबल स्वतःच भरावी आणि रिकामी करावी लागते. घागर भरून न्यायची आणि वाटेतच ओतून पुन्हा भरायची, तसं. लांबी वाढली की केबलची क्षमता या येरझाऱ्यांतच संपते आणि पलीकडे उपयोगी वीज कमी पोचते. म्हणून एसीचा व्यवहार साधारण शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत. बॅरेंट्स समुद्रातल्या नॉर्वेच्या गोलियात क्षेत्राला १०५ किलोमीटरची एसी केबल जाते, मार्टिन लिंगे क्षेत्राला सुमारे १६० किलोमीटरची. त्यापुढे एसी ताणता येते, पण भरपाईची यंत्रणा वाढत जाते.

एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीला ही अडचण नाही. नॉर्वेचं व्हालहॉल क्षेत्र २०१३ पासून किनाऱ्यावरच्या लिस्टाहून येणाऱ्या जवळपास ३०० किलोमीटरच्या डीसी केबलवर चालतं, क्षमता ७८ मेगावॅट. योहान स्वेरद्रुप क्षेत्राला पहिल्या टप्प्यात २०१८ मध्ये १०० मेगावॅट आणि दुसऱ्यात २०२२ मध्ये आणखी २०० मेगावॅट, दोन्ही सुमारे २०० किलोमीटरवरून. एक आनुषंगिक फायदाही आहे: व्हालहॉलची यंत्रं ६० हर्ट्झची, किनाऱ्यावरची वीज ५० हर्ट्झची. डीसी मधे असल्यामुळे हा फरक आपोआप मिटतो.

किंमत एसीचं डीसी आणि डीसीचं पुन्हा एसी करणाऱ्या कन्व्हर्टरची मोजावी लागते. एक किनाऱ्यावर, दुसरा प्लॅटफॉर्मवर, आणि प्लॅटफॉर्मवरचा म्हणजे अख्खी इमारतच. नव्या प्लॅटफॉर्मच्या आराखड्यात तिला जागा काढता येते. चाळीस वर्षं जुन्या पोलादी सांगाड्यावर ती चढवायची म्हणजे आधी सांगाडा पेलेल का, ते तपासायचं.

आपल्याकडे चंद्रपूर ते पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची डीसी लाइन १९९९ पासून मुंबईला वीज आणते. म्हणून कुणी म्हणेल, तंत्र तर घरचंच आहे! नाही. पडघ्याचे कन्व्हर्टर थायरिस्टरचे; त्यांना दोन्ही टोकांना भक्कम, जिवंत ग्रिड लागतं. समुद्रातला प्लॅटफॉर्म अंधारात असेल तर ते त्याला उठवू शकत नाहीत. तिथे ट्रान्झिस्टरवर चालणारे, व्होल्टेज स्वतः उभं करणारे कन्व्हर्टर हवेत. त्यांचा ऑफशोअरवर पहिला वापर ट्रोल-एच्याच कॉम्प्रेसरसाठी २००५ मध्ये झाला.

दुसऱ्या टोकाला काय जळतंय?

नॉर्वेची जवळपास नव्वद टक्के वीज पाण्यापासून होते. तिथे टर्बाइन बंद करून केबल जोडली की प्लॅटफॉर्मचा धूर खरोखर जातो. वाचलेला गॅस पाइपलाइनने युरोपात विकला जातो आणि तिथे जळतो, म्हणून ‘धुराची फक्त जागा बदलली’ असं टीकाकार म्हणतात. त्यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही. तोच गॅस जर्मनीतल्या चांगल्या केंद्रात जळला तर त्यातून जास्त काम निघतं. पण जमाखर्चाच्या वहीत नॉर्वेचा रकाना जगाच्या रकान्यापेक्षा अधिक हिरवा दिसतो, हे खरंच.

स्थानिकांची तक्रार वेगळी आहे. २०२२ मध्ये दक्षिण नॉर्वेत विजेचे दर भडकले तेव्हा ‘आमच्या धरणांची वीज तेल कंपन्यांना का?’ हा प्रश्न थेट राजकारणात उतरला. पुढच्या वर्षी सरकारने हॅमरफेस्टजवळच्या मेल्कोया गॅस प्रकल्पाच्या विद्युतीकरणाला मान्यता दिली. त्याला लागणाऱ्या वीजवाहिन्या आणि पवनचक्क्या रेनडिअरच्या कुरणांतून जातील म्हणून तिथल्या मूळनिवासी सामी समाजाचे पशुपालक आजही विरोधात आहेत.

अबुधाबीचं गणित तिसरंच. तिथली तेल कंपनी अ‍ॅडनॉक आणि वीज कंपनी ताका यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेला ३.६ अब्ज डॉलरचा, ३.२ गिगावॅटचा डीसी प्रकल्प तिथल्या समुद्री क्षेत्रांना किनाऱ्याशी जोडण्यासाठी आहे, आणि किनाऱ्यावर बराकाचं अणुवीज केंद्र आहे.

आता आपण. भारताच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. प्लॅटफॉर्मवरचं टर्बाइन पूर्ण भारावर ०.५५ ते ०.६५ किलोत तेच युनिट देतं. म्हणजे आज मुंबई हायला ग्रिड जोडलं तर धूर कमी होणार नाही, तो कोळशाच्या चिमणीतून निघेल. कागदोपत्री सौर वीज विकत घेऊनही रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर कशावर फिरतोय, हा प्रश्न उरतोच.

यातून एक पळवाट आहे, आणि ती मला सगळ्यांत रास्त वाटते. मुंबई हायचा गॅस उरणला येतो. तिथलं महानिर्मितीचं ६७२ मेगावॅटचं वायू विद्युत केंद्र गॅसच्या टंचाईमुळे वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेने चालत नाही. टर्बाइनमध्ये जाणारा गॅस किनाऱ्यावर आणून चांगल्या संयुक्त-चक्र केंद्रात (जिथे एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफेचं टर्बाइनही फिरतं) जाळला, तर कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या पुढे जाते. केबलमधली गळती वजा करूनही तेवढ्याच गॅसमध्ये प्लॅटफॉर्मपेक्षा दीडपट वीज परत पाठवता येते. उरणची यंत्रं जुनी असल्याने तिथे फायदा एवढा नसेल, आणि एक्झॉस्टच्या उष्णतेची भरपाईही यातूनच करावी लागेल. तरीही दिशा बरोबर आहे.

वीज गेली तर

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी किनाऱ्यावरच्या कन्व्हर्टर स्टेशनमधल्या बिघाडाने योहान स्वेरद्रुपची वीज गेली आणि पश्चिम युरोपातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र अख्खं बंद पडलं. रोजचे सात लाखांहून अधिक पिंपं. उत्पादन लवकर पूर्ववत झालं, पण त्या बातमीने जागतिक बाजारात तेलाचा भाव उसळला. टर्बाइनही बंद पडतात, मात्र एक-एक करून.

पवनचक्क्यांबद्दल थोडक्यात. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीच्या हायविंड टाम्पेन प्रकल्पातल्या ११ तरंगत्या पवनचक्क्या, ८८ मेगावॅट, स्नोरे आणि गुलफाक्स क्षेत्रांची वर्षाला सुमारे ३५ टक्के गरज भागवतील असा अंदाज होता. उरलेल्यासाठी टर्बाइन आहेतच. मोठं सरकारी अनुदान मिळूनही तो महाग पडला, आणि त्याच कंपनीने ट्रोलव्हिंड हा पुढचा मोठा प्रकल्प २०२३ मध्ये बाजूला ठेवला. टर्बाइनचा भार हलका करायला पवनचक्की ठीक. पर्याय म्हणून नको.

मग निवड कशी करायची

नवं क्षेत्र, तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य आणि किनाऱ्यावर जलविद्युत किंवा अणुवीज असेल, तर पहिल्या आराखड्यापासूनच केबल घ्या. शंभर किलोमीटरच्या आत एसी, दीडशेच्या वर डीसी. मधल्या पट्ट्यात दोन्हींच्या निविदा मागवा. मुंबई हाय या अडचणीच्या पट्ट्याच्या जेमतेम पलीकडे बसतं. क्षेत्राची दहा-बारा वर्षंच उरली असतील तर केबलचा नाद सोडा.

मुंबई हायसारख्या जुन्या, पसरलेल्या क्षेत्रात मी आधी शेजारचे प्लॅटफॉर्म छोट्या केबलने एकमेकांना जोडीन, म्हणजे प्रत्येकावर एक जादा टर्बाइन फिरवत ठेवायची गरज उरत नाही आणि चालू असलेली जवळपास पूर्ण भारावर चालतात. खर्च कमी आणि बचत लगेच. किनाऱ्याच्या केबलची वेळ आलीच तर ती सबंध वाट समुद्रतळात पुरावी लागेल, कारण तिच्यावरून आपल्या मच्छीमारांचे ट्रॉलर जाळी ओढत फिरणार. आणि केबल टाकणारं जहाज ऑक्टोबर ते मे एवढ्याच अवधीसाठी मागवता येईल. एप्रिलमध्ये उशीर झाला तर पावसाळाभर ते परत जातं आणि दुसऱ्यांदा आणायचा खर्च निविदेत कुणाच्या माथी आहे, हे सही करण्याआधी वाचा.