जुना विनोदी चित्रपट: व्हीसीडी घ्यावी की डीव्हीडी?

गिरगावातल्या मामांना ऐंशीच्या दशकातला एक विनोदी मराठी चित्रपट घरी हवाय. लॅमिंग्टन रोडला व्हीसीडी (साध्या सीडीवरचा चित्रपट) स्वस्त, डीव्हीडी जरा महाग. वेष्टनावरच्या जाहिराती सोडा मामा, दोन्ही लावून बघा.

व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 पिक्सेलचं, डीव्हीडीचं 720 बाय 576, म्हणजे सुमारे चौपट. विनोदात याला फार किंमत आहे, कारण अर्धं हसू मागे उभ्या असलेल्याच्या चेहऱ्यावर असतं. व्हीसीडीत तो चेहरा चौकोनांत विरघळतो. पण डीव्हीडी झिजलेल्या प्रिंटवरून केली असेल, तर ओरखडेही तेवढेच ठळक दिसतात. आणि एकाच डिस्कमध्ये तीन चित्रपट कोंबलेले असतील तर ती घेऊच नका.

आवाजात मला मोनोच, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, आवडतो. जुन्या ट्रॅकला जबरदस्तीने दिलेला 5.1 चा, म्हणजे चहूबाजूंच्या सहा स्पीकरचा, घुमारा संवाद मागे ढकलतो, शब्दावरची कोटी हरवते.

व्हीसीडीवर जेमतेम 80 मिनिटं मावतात. ऐन गोंधळात डिस्क बदलायला उठायचं.

मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी बसून बघणार असाल तर एकाच चित्रपटाची डीव्हीडी घ्या. मामी स्वयंपाक करताना संवाद ऐकणार असतील, तर व्हीसीडी पुरे.