रोझेनलाउईच्या चढावर ११-३४ कॅसेट: एका हंगामानंतरचा अनुभव

स्वित्झर्लंडमधील मायरिंगन गावातून रोझेनलाउईच्या खोऱ्यात आणि तेथून पुढे ग्रोसे शायडेग खिंडीपर्यंत जाणारा रस्ता हा माझा नेहमीचा चढ आहे. बर्फ हटून रस्ता खुला झाला, त्याच सुमारास मी रोड सायकलवरची जुनी ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच; आकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांचे) काढून ११-३४ बसवली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत प्रामुख्याने याच रस्त्यावर वापरली. पेडलजवळच्या पुढच्या दातेरी चकत्या, म्हणजे ५०-३४ ची चेनरिंग, चाके आणि टायर तेच ठेवल्यामुळे जो फरक जाणवला तो कॅसेटचाच, असे खात्रीने म्हणता येते.

आधी चढाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय दात्यांच्या आकड्यांना अर्थ नाही. मायरिंगन समुद्रसपाटीपासून सुमारे ५९५ मीटरवर आहे आणि खिंड १,९६२ मीटरवर. मधले अंतर साधारण १६ किलोमीटर, म्हणजे सरासरी चढ साडेआठ टक्क्यांच्या आसपास. मात्र ही सरासरी फसवी आहे. विलिगेन सोडल्यावर जंगलातून वळणे घेत जाणारा पहिला टप्पा आणि श्वार्त्सवाल्डआल्पच्या पुढचा शेवटचा टप्पा, या दोन्हींत चढ काही ठिकाणी बारा टक्क्यांच्या वर जातो. मध्ये ग्श्वांटेनमाडच्या कुरणावर रस्ता जवळजवळ सपाट होतो आणि समोर वेलहॉर्न शिखराचे कडे उभे राहतात. पुण्याहून येणारे मित्र सिंहगडाच्या हिशेबाने ११-२८ घेऊन येतात. पण येथे चढायची उंची सिंहगडाच्या दुपटीहून अधिक आहे, आणि कुरणावर दम खाऊन झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते.

मोठी कॅसेट लावल्याने वेग वाढत नाही, हे सर्वांत आधी समजून घ्यावे. माझे वजन, सायकल, पाणी आणि सामान मिळून सुमारे ८७ किलो होतात. २०० वॉटची ताकद लावली, तर बारा टक्क्यांच्या चढावर वेग ताशी पावणेसात किलोमीटरच्या आसपास राहतो, मग मागे २८ दाते असोत की ३४. बदलते ते एवढेच की २८ दात्यांवर त्या वेगाला पेडलच्या मिनिटाला सुमारे ४४ फेऱ्या पडतात आणि ३४ वर ५३. ताकद तीच असताना फेऱ्या वाढल्या की प्रत्येक फेरीतला जोर जवळपास १८ टक्क्यांनी कमी होतो. पूर्वी पहिल्या जंगलातच मांड्या भरून यायच्या आणि श्वार्त्सवाल्डआल्पला पोहोचेपर्यंत त्यांत काही उरत नसे; आता तेथून पुढची ५०० मीटरची उंची चढण्याइतके त्राण शिल्लक राहते. त्यामुळे एकूण वेळही थोडा घटला आहे, पण ते श्रेय शेवटच्या टप्प्यात कमी थांबण्याचे आहे.

ज्याचा विचार मी कॅसेट घेताना केलाच नव्हता, असा फायदा म्हणजे थांबून पुन्हा निघणे. श्वार्त्सवाल्डआल्पच्या पुढे खासगी मोटारींना बंदी आहे आणि रस्त्यावर फक्त पिवळी पोस्ट बस धावते. आंधळ्या वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की सायकलस्वाराने कडेला व्हायचे असते, कारण बस जात असताना रस्त्याची फारशी रुंदी उरतच नाही. बारा टक्क्यांवर उभ्या सायकलने पुन्हा निघताना पेडलला जोडला जाणारा एक बूट त्यात अडकवून दुसरा अडकेपर्यंत सायकल पुढे सरकत राहिली पाहिजे. २८ दात्यांवर ती अर्ध्या फेरीतच अडून बसे; ३४ वर दुसरा बूट निवांत अडकतो. उन्हाळ्यात याच रस्त्यावर गाईंचे शेण पडलेले असते. पावसात ते पसरले की सीटवरून उठून पेडल मारताना मागचे चाक जागीच फिरते. हलक्या गिअरमुळे बसूनच चढता येते आणि मागच्या चाकावर भार राहतो.

आता उणिवा. या कॅसेटमधील दात्यांचा क्रम ११, १३, १५, १७ असा दोन-दोनने वाढतो. ब्रिएन्झ तलावाकाठी सपाट रस्त्यावर समोरून वारा असला की १५ वर पाय फार भरभर फिरतात आणि १३ वर जड होतात. मधला १४ नाही याची चिडचिड होते. गटाने, एकाच वेगात दीर्घकाळ सायकल चालवणाऱ्यांना हे खटकेल. शिवाय ३० वरून ३४ वर जाताना साखळी जोराखाली कुरकुरते, म्हणून वळणाच्या आधीच, पायाचा जोर क्षणभर कमी करून गिअर बदलावा.

बसवण्याचा खर्चही केवळ कॅसेटचा नाही. माझ्या आखूड पिंजऱ्याच्या (साखळी ताणून धरणाऱ्या भागाच्या) डिरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, ३० च्या पुढचे दाते झेपत नव्हते, त्यामुळे लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि अधिक लांब साखळी घ्यावी लागली. या कॅसेटचा गाभा अरुंद असल्याने ११ गिअरच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) तिच्यामागे १.८५ मिलिमीटरची चकती घालणे आवश्यक असते. ज्या दुकानात काम करून घेतले तेथे ती घातलीच गेली नाही. कॅसेट जागी धरणारी लॉकरिंग पूर्ण आवळूनही दाते हाताने हलत होते आणि पहिल्याच चढावर खडखड ऐकू आली. चाक हातात घेऊन कॅसेट डावी-उजवीकडे हलवून पाहणे, एवढी तपासणी दुकानातच करून घ्यावी.

इतका सगळा खर्च धरूनही तो हलक्या कार्बन चाकांच्या किमतीच्या जवळपास जात नाही. एक किलो वजन कमी केले तर या पावणेदोन तासांच्या चढावर वाचतात एक-सव्वा मिनिटे, आणि चाके बदलून सहसा तेवढाही किलो घटत नाही. तरीही दुकानांत चर्चा ग्रॅमचीच चालते. ज्यांचे वजन माझ्याहून बरेच अधिक आहे त्यांनी १२ गिअरच्या संचातील ११-३६ चा विचार करावा; माझ्या डिरेलरची मर्यादाच ३४ दात्यांची असल्याने तो प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे.