दुखऱ्या खांद्यासाठी आधी काडतूस बदला, मग बंदूक

उजव्या खांद्याच्या रोटेटर कफचं (खांद्याभोवतीच्या स्नायूंचं) ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी संपली, सर्जनने शूटिंगला परवानगीही दिली. तरी इथे टेक्सासच्या रेंजवर जुन्या ओव्हर-अंडरने (एकावर एक दोन नळ्यांच्या बंदुकीने) ट्रॅपचा, म्हणजे हवेत सोडलेल्या तबकड्या (क्ले) छर्‍यांनी फोडण्याचा, 25 क्लेचा एक राउंड काढला की रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे. म्हणून किक-ऑफ दस्त्याची (धक्का शोषणाऱ्या दस्त्याची) बेरेटा ए400 बंदूक घेतली. बरेच महिने तीच वापरतोय.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो काडतुसाने. 12 बोअरचं ट्रॅपचं नेहमीचं काडतूस 32 ग्रॅम छर्‍यांचं. मी 24 ग्रॅमवर आलो. बंदूक तीच आणि छर्‍यांचा वेग तोच धरला, तर धक्क्याची ऊर्जा साधारण 40 टक्क्यांनी उतरते. कमी वेगाचं काडतूस घेतलंत तर आणखी. एवढ्या छर्‍यांनी क्ले फुटतो का, असं सगळे विचारतात. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये 24 ग्रॅमच चालतं, आणि तिथला क्ले 76 मीटर जाईल इतक्या जोरात सुटतो. आपला अमेरिकन ट्रॅपचा क्ले त्याहून बराच हळू. व्यवस्थित फुटतो!

आता बंदूक. ए400सारख्या गॅसवाल्या सेमी-ऑटोत (स्वतःच पुढचं काडतूस भरणाऱ्या बंदुकीत) नळीतल्या छिद्रांतून थोडा वायू पिस्टनवर येतो आणि बोल्टला मागे रेटतो. एकूण संवेग तेवढाच राहतो, पण तो जास्त वेळात खांद्यावर येतो. ठोसा बसत नाही, ढकलल्यासारखं वाटतं. किक-ऑफचे हायड्रॉलिक डँपर त्यातलीही धार काढतात. ऑपरेशन झालेल्या खांद्याला हा फरक पहिल्याच राउंडला कळतो. बजेट कमी असेल तर जुनी रेमिंग्टन 1100 बघा. 1963 पासूनची ही गॅसगन वजनदार आहे, आणि वजन इथे आपल्याच बाजूचं. तेच 12 बोअरचं काडतूस हलक्या बंदुकीतून जास्त लागतं, म्हणून खांदा दुखतोय तर हलकी बंदूक घ्या हा सल्ला ऐकू नका.

गॅसगनला कार्बन धरतो, पिस्टन वरचेवर पुसावा लागतो. फार कमी जोराचं काडतूस घातलं तर बोल्ट पुरता मागे जात नाही, म्हणून पेटी घेण्याआधी थोडी काडतुसं चालवून बघा. रिकामी काडतुसं शेजाऱ्याच्या अंगावर उडतात, त्यासाठी शेल कॅचर लावाच.

जाड रबरी पॅडने धक्का मऊ होतो, पण दस्ता तेवढा लांब होतो. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीतून सरकून दंडाकडे जातो, नेमका ऑपरेशनच्या जागेवर. पॅड लावलंत तर दस्ता तेवढाच कापून घ्या. पिचही, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाचा कोन, तपासून घ्या. दस्त्याचं खालचं टोक एकटंच रुतत असेल तर सगळा भार इंचभर जागेवर येतो. हे काम चांगल्या गनस्मिथकडून करून घेतलं आणि त्याचा खर्च पुरेपूर वसूल झाला.

नळीच्या तोंडाला पोर्टिंग (वायू बाहेर सोडणारी छिद्रं) करायच्या भानगडीत मात्र पडू नका. ट्रॅपच्या काडतुसाला तोंडाशी दाबच फार उरत नाही, आवाज तेवढा वाढतो.