बल्ब घ्यायचा तर असा दाखवून देणारा दुकानदार पाहिजे

बेळगावात खडे बाजारातल्या एका लहान दुकानातनं घरासाठी एलईडी बल्ब घेतले, दुकान लई आवडलं म्हणून लिहालोय. दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, कुठल्या खोलीला लावणार ओ? मग होल्डरला लावून पिवळा, मधला, पांढरा असे तिन्ही उजेड दाखवले. बॉक्सवर २७०० ते ३००० के (केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा) असलं की पिवळसर, ६५०० के म्हणजे एकदम पांढरा. झोपायच्या खोलीला पिवळाच घ्या, डोळ्याला बरा वाटतोय. स्वयंपाकघराला आम्ही ४००० घेतला, मस्त आहे.

वॅट बघून उजेड ठरवू नका, ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप बघा, जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड साधारण ८०० ल्युमेनला मिळतोय आणि त्याला ९ वॅटचा एलईडी बास होतोय. शहापूर-वडगावकडं साड्यांचं काम असणाऱ्यांनी तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा मागून घ्यावा, नाहीतर काठाचा रंग रात्री एक आणि दिवसा एक दिसतोय! बंद काचेच्या गोळ्यात एलईडी तापून लवकर जातोय, हेपण त्यानंच सांगितलं. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण असेल तर बॉक्सवर डिमेबल लिहिलेलाच बल्ब पाहिजे, साधा फडफडतोय. दर थोडा जास्त वाटला, पण बिल आणि वॉरंटीचा शिक्का न मागता दिला, जरूर जावा.