रिसिव्हिंग लूप अँटेना: पावसाळा, दिवाळी आणि वळीव काढल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, लूप, म्हणजे फक्त ऐकण्यासाठीची ही गोल रिंगची अँटेना, लावली की सिग्नल वाढत नाही. उलट एस-मीटर (रेडिओवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) खाली येतो आणि नवीन माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा म्हणतो की हे काय, पैसे वाया गेले. माझ्याकडे टेरेसवर ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्ही आकारात ताणलेला तारेचा डायपोल आहे, त्यावर संध्याकाळी नॉइजच एस-८ असतो, म्हणजे हैदराबादचा एखादा स्टेशन एस-९ ने आला तरी तो नॉइजच्या डोक्यावर जेमतेम एक युनिट वर. तोच स्टेशन लूपवर एस-७ ला येतो पण नॉइज एस-३ ला पडलेला असतो. एक एस युनिट म्हणजे ६ डीबी धरलं तर फरक ६ डीबीवरून २४ डीबीवर गेला, आणि कानाला कळतो तो हा फरक, मीटरचा काटा नाही. सगळ्या दिवशी इतकं छान नसतं, पण चांगल्या संध्याकाळी हे असं असतं म्हणून मी गेल्या पावसाळ्यापासून ४० आणि ८० मीटर बँडवर डायपोलवर ऐकणं जवळपास सोडलंय. ट्रान्समिट अर्थात डायपोलवरच, ही लूप फक्त ऐकायची.

सुरुवात मी ऑनलाइन मिळते त्या स्वस्तातल्या तयार लूपने केली, बारीक स्टीलची तार, अँप्लिफायरचा छोटा डबा, त्याला केबलमधूनच सप्लाय देणारा यूएसबीवर चालणारा बायस-टी, तीनेक हजारात काम. गावाकडे नेऊन लावली तर ती खरंच मस्त ऐकते, तिला नावं ठेवणार नाही. पण मी राहतो मुंढव्यात, आणि हडपसरला आकाशवाणी पुण्याचा ७९२ किलोहर्ट्झचा १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर आहे. आता गंमत बघा, ७९२ आणि मुंबईचं १०४४ यांची बेरीज १८३६. आपल्याला, म्हणजे भारतातल्या हॅमना (हौशी रेडिओवाल्यांना), १६० मीटर बँडमध्ये मिळालेला तुकडा १८२० ते १८६०. म्हणजे बरोबर बँडच्या आत एक भुताचं स्टेशन, त्यावर पुण्याचं भाषण आणि मुंबईचं गाणं एकात एक मिसळलेलं, आणि त्याच्या साइडबँड १८४० पर्यंत पसरायच्या जिथे एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) चालतं. आकाशवाणीचा यात काही दोष नाही बरं का, ते आपापल्या फ्रिक्वेन्सीवरच आहेत, बेरीज होते ती अँप्लिफायरच्या पोटात. यालाच सेकंड ऑर्डर इंटरमॉड म्हणतात. डब्याच्या पुढे, रिगजवळ (रेडिओ सेटजवळ) खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा हायपास फिल्टर लावून बघितला, काही उपयोग नाही, कारण घाण फिल्टरच्या आधीच तयार झालेली असते आणि १८३६ तर फिल्टरला पास करायचंच असतं.

म्हणून दुसरी लूप स्वतः बांधली आणि हा सगळा रिव्ह्यू खरं तर तिचाच आहे.

तत्त्व साधं आहे. बल्गेरियाच्या एलझेड१एक्यू या हॅमच्या डिझाइनमुळे जगभर जी पद्धत रूढ झाली ती अशी की लूपला ट्यून करायचं नाही, तिला जवळजवळ शॉर्ट करून तिच्यातून वाहणारा करंट अँप्लिफाय करायचा. यात लूपचा इंडक्टन्स जितका कमी तितका करंट जास्त, आणि इंडक्टन्स कमी करायचा तर कंडक्टर जाड पाहिजे. एक मीटर व्यासाची रिंग १ मिलिमीटर तारेची केली तर साधारण ४.४ मायक्रोहेन्री येतो, तीच रिंग एसीवाल्यांकडच्या ३/८ इंची कॉपर पाईपची केली तर ३ च्या आसपास. म्हणजे फक्त जाडी बदलून सव्वातीन डीबी फुकट. दोन रिंगा एकमेकींपासून थोड्या लांब ठेवून पॅरलल जोडल्या तर अजून कमी होतो पण मग वजन वाढतं आणि वाऱ्याला जास्त अडते, मी एकच ठेवली. पाईप एसी दुरुस्तीवाल्याकडून घेतला, त्याचं गुंडाळं असतंच गोल, हाताने थोडं नीट केलं की झाली रिंग.

अँप्लिफायर पुश-पुल, दोन २एन५१०९ ट्रान्झिस्टर, बाकीचा माल पुण्यातल्या तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास फिरून जमवला. पुश-पुल कशासाठी, तर त्यात दोन्ही बाजू सारख्या असल्या की सेकंड ऑर्डरची घाण एकमेकांना कापते, म्हणजे माझ्या १८३६ वर थेट औषध. दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच लॉटचे घ्या आणि मल्टिमीटरवर गेन जुळवून घ्या, नाहीतर पुश-पुल नावालाच राहतं. २एन५१०९ च्या नावाखाली काहीही छापून विकतात हे पण लक्षात ठेवा, भाव फारच कमी वाटला तर तिथे घेऊ नका. शंभर-दीडशे मिलिअँपिअर खाते ही सर्किट, १२ व्होल्टवर, ट्रान्झिस्टर गरम होतात, हीटसिंक लागतोच. सगळं मिळून खर्च तयार लूपपेक्षा जास्त झाला, हे खोटं सांगणार नाही. पण १८३६ वरचं भूत आता जवळपास गेलंय, रात्री उशिरा मुंबई जोरात असेल तर कुजबूज असते तेवढीच, आणि तेव्हा लूप फिरवून हडपसर नलमध्ये (null, ज्या दिशेचं लूपला ऐकू येत नाही ती) घेतलं की तीही जाते.

या नलबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण लूपची खरी कमाई तिथे आहे. उभ्या रिंगमधून आरपार बघितलं की जी दिशा दिसते तिकडचं तिला ऐकू येत नाही, आणि रिंगची कड जिकडे आहे तिकडचं सगळ्यात जास्त. जुना ट्रान्झिस्टर आडवातिडवा फिरवला की मीडियम वेव्हचं स्टेशन गुल व्हायचं आठवतंय का, तेच, आतल्या फेराइटच्या कांडीवर पण लूपच असते. आता कोणी म्हणेल की नल नॉइजकडे केला आणि नेमका आपला मित्रही त्याच दिशेला असला तर? ४० आणि ८० वर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलताना हा प्रश्न फारसा येतच नाही, कारण कोल्हापूर काय नाशिक काय, सिग्नल आयनोस्फिअरवरून जवळजवळ डोक्यावरून खाली येतो, आणि उभी लूप कुठेही फिरवली तरी आकाश तिच्या कडेच्या दिशेलाच राहतं. नॉइज मात्र शेजारच्या बिल्डिंगमधून आडवा येतो. म्हणजे आडवं कापायचं आणि वरचं ठेवायचं, हे एका रिंगमध्ये होतं. मला हे वाचून माहीत होतं तरी पहिल्यांदा दोरी ओढून लूप फिरवली आणि नॉइज खाली गेला आणि सोलापूरचा आवाज जागच्या जागी राहिला तेव्हा खरं पटलं. लांबचा डीएक्स, म्हणजे दूरदेशीचं स्टेशन, कमी अँगलने येतो, त्याला मात्र दिशा लागते, तिथे तडजोड आहे.

काही लोक सांगतात की नॉइज इलेक्ट्रिक फील्ड असतो आणि लूप मॅग्नेटिक ऐकते म्हणून शांत असते. हे अर्धं खरं. लांबून आलेल्या कुठल्याही लहरीत दोन्ही फील्ड ठरलेल्या प्रमाणातच असतात, लूपला काय आणि डायपोलला काय सारखंच. फरक पडतो तो अगदी जवळच्या नॉइजमध्ये, आणि जवळ म्हणजे वेव्हलेंग्थच्या सहाव्या भागाच्या आत, ४० मीटरवर साधारण साडेसहा मीटर, १६० वर पंचवीस. त्यातही काही सोर्स मॅग्नेटिकच असतात, मग लूप उलट जास्त ऐकते. आमच्या टेरेसवर लिफ्टची मशीन रूम आहे आणि लिफ्टला व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट). लूप आधी तिथेच जवळ होती कारण भिंतीला क्लॅम्प मारणं सोपं होतं, प्रत्येक वेळी कोणी लिफ्ट बोलावली की बँडवर करवत चालल्यासारखा आवाज, आणि कितीही फिरवा, नल सापडतच नाही कारण नॉइज वायरिंगमधून चारही बाजूंनी येत होता. पार दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीपलीकडे नेली, प्रश्न बराचसा संपला. लूप छोटी असते, ती हलवता येते, हा तिचा नलपेक्षाही मोठा गुण आहे असं माझं मत झालंय, ६६ फुटांचा डायपोल कुठे हलवणार.

आणि चोक, म्हणजे केबलच्या शील्डवरून येणारा नॉइज अडवणारी फेराइटवरची गुंडाळी. चोकशिवाय लूप लावू नका, अगदी हात जोडून. केबलची बाहेरची शील्ड स्वतःच अँटेना बनते, घरातल्या अॅडाप्टर-राउटरची घाण वर नेऊन अँप्लिफायरला देते आणि मग माणूस लूपला शिव्या देतो. मी फीडलाइन केबलवाल्याची आरजी-६ वापरली, ७५ ओहमने ऐकण्यात काही फरक पडत नाही, फक्त तिची जाळी अॅल्युमिनियमची असते, सोल्डर लागत नाही, एफ कनेक्टरच लावावे लागतात. ती जाड असल्याने कोअरवर गुंडाळायला जमत नाही म्हणून मध्ये आरजी-१७४ चा तुकडा घेऊन एफटी२४०-३१ या फेराइटच्या रिंगवर बारा-चौदा वळसे, असे दोन चोक, एक लूपच्या पायाशी आणि एक रिगपाशी. खालचा चोक लावला त्या दिवशी ८० मीटरवर पहिल्यांदा पाठीमागचा खरा बँड नॉइज ऐकू आला. अजून एक, ऐकताना ट्रान्समिटचा डायपोल जवळच लटकलेला असतो आणि तो घरातला नॉइज वर नेऊन परत फेकतो, त्याची केबल खाली सुटी केली तर लूप अजून शांत होते, हे करून बघा.

दिवाळीत कसोटी लागली. प्रत्येक गॅलरीत एलईडीच्या माळा, त्यांचे स्वस्तातले अॅडाप्टर, सगळीकडून नॉइज. अशा वेळी नलचा उपयोग नाही कारण नल एकाच रेषेत असतो आणि माळा सोसायटीभर. ४० मीटर कसाबसा चालला, ८० जवळजवळ बंद, लाइट उतरेपर्यंत मी पहाटे चारलाच बसायचो. त्याउलट शेजारच्या बिल्डिंगचा सोलर इन्व्हर्टर, तो एका जागी, दिवसभर चालू, सूर्य मावळला की बंद, त्याला नल बरोबर बसतो. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, संध्याकाळी विजांचा खडखडाट असतो तेव्हा लूप काहीच करू शकत नाही, ढग सगळीकडे आणि कडकडाट शेकडो किलोमीटरवरूनही येतो. ढग जवळ असतील तर केबल काढून ठेवतो, तेवढंच.

पावसाळ्याने डबा तपासला. ग्लँड खालच्या बाजूला, जॉइंटवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, डब्याच्या तळाला पाणी निघायला बारीक भोक, तरी ओल येतेच म्हणून पीसीबीला लॅकर मारला. कॉपर हिरवं पडलं, त्याने ऐकण्यात फरक जाणवला नाही, पण जिथे पाईप डब्याला बोल्टने जोडलाय तिथे गंज धरला की आवाज खरखरतो, तिथे टिनचे लग सोल्डर करून घेतले. कबुतरं रिंगवर बसतात, पाईप वाकत नाही म्हणून चालतंय. सोसायटीत दोन जणांनी विचारलं की मोबाईल टॉवर लावला का, त्यांना वर नेऊन दाखवलं की यातून काही बाहेर जात नाही, फक्त येतं, आता एक आजोबा माझ्याकडे रात्री रेडिओ ऐकायला येतात.

रिगला वेगळं आरएक्स सॉकेट (फक्त ऐकायच्या अँटेनाचं) नसेल तर रिले बॉक्स लागतो, आणि तो असा जोडा की रिलेला करंट नसताना रिग डायपोलला जोडलेली असेल आणि फक्त ऐकताना रिले ओढून लूपवर जाईल. म्हणजे वायर तुटली, सप्लाय गेला तरी १०० वॅट लूपच्या अँप्लिफायरमध्ये शिरणार नाहीत. रिगच्या मेनूत टीएक्स डिले (ट्रान्समिट सुरू होण्याआधीचा थांबा) असतो, तो थोडा वाढवून ठेवा. शिवाय ट्रान्समिटच्या वेळी अँप्लिफायरचा सप्लाय तोडून टाका, कारण डायपोल दहा फुटांवर असला तर हवेतूनच बराच आरएफ (रेडिओ लहरींची पॉवर) जातो, मी इनपुटला डायोड पण टाकलेत.

२० मीटरच्या वर ही लूप मला नको वाटली. एक मीटर व्यास म्हणजे घेर सव्वातीन मीटरच्या आत-बाहेर, १४ मेगाहर्ट्झला तो वेव्हलेंग्थच्या दहाव्या भागाहून जास्त होतो, पॅटर्न बिघडत जातो, आणि तिथे नॉइजही मुळात कमी म्हणून डायपोल किंवा व्हर्टिकलच पुढे. ज्यांच्याकडे गावी मोकळं शेत आहे आणि ज्यांना १६०-८० वर डीएक्सच ऐकायचाय त्यांनी माझ्यासारखी लूप करण्याआधी के९एवाय लूप बघावी, १९९७ मध्ये क्यूएसटी या अमेरिकन हॅम मासिकात छापली गेली होती, २५ फुटांचा खांब, काटकोनात दोन लूप, प्रत्येकीला साधारण ८५ फूट तार, टोकाला रेझिस्टर, आणि रिलेने चार दिशा बदलायच्या. ती एका बाजूचं ऐकते आणि पाठीमागचं कापते, माझी लूप पुढचं-मागचं सारखंच ऐकते. फ्लॅटवाल्याला ती जमणारी नाही, खांबाला ताण द्यायला सुद्धा जागा लागते आणि चेअरमन वेगळे.

सध्या माझ्याकडे उरलेलं काम म्हणजे दोरीऐवजी काहीतरी फिरवायची सोय, पावसात टेरेसवर जाऊन दोरी ओढायला कंटाळा येतो. दुसरी रिंग काटकोनात लावून रिलेने अदलाबदल करायची की जुना टीव्ही रोटेटर शोधायचा यावर अडलोय, रोटेटर कोणाकडे पडून असेल तर कळवा.