सॉफ्ट कॅम की हार्ड कॅम: मुंबईत पहिलं कंपाउंड धनुष्य घेताना

कंपाउंड, म्हणजे टोकांवर कप्प्या असलेलं धनुष्य, घ्यायला निघालात की पहिला प्रश्न येतो, ‘किती पौंडाचं?’ म्हणजे दोरी ओढायला किती जड. पण ५० पौंडांची दोन धनुष्यं ओढून पाहा. एक सहज मागे येईल, दुसरं खांद्याशी भांडेल. हा फरक टोकांवरच्या कॅमचा असतो. म्हणून पौंडांच्या आधी कॅमचं ठरवा.

कॅम म्हणजे मुद्दाम गोल न ठेवलेली कप्पी. तिच्यावर दोन खाचा असतात, एकीत दोरी आणि दुसरीत केबल. कॅम फिरतो तसं दोन्ही खाचांचं आसापासूनचं अंतर बदलत जातं. सुरुवातीला दोरी आसाजवळ आणि केबल लांब असते, म्हणून ओढ जड लागते. शेवटी उलट होतं: दोरी लांब जाते, केबल आसाशी येते. लिंब (धनुष्याचे वाकणारे बाहू) सर्वाधिक वाकलेले असतात नेमकं तेव्हाच हातावरचं वजन उतरतं. हाच लेट-ऑफ. कप्प्या नसलेल्या रिकर्व्ह धनुष्यात जितकं ओढाल तितकं वजन वाढतच जातं. हॉलिस ॲलन या अमेरिकन माणसाला १९६९ मध्ये कंपाउंडचं पेटंट मिळालं, तेही याच युक्तीवर.

सॉफ्ट कॅममध्ये वजन हळूहळू चढतं, कमाल आकड्यावर थोडाच वेळ राहतं आणि हळूहळू उतरतं. हार्ड कॅम पहिल्या काही इंचांतच कमाल वजनावर पोहोचतो, बराच वेळ तिथेच धरून ठेवतो आणि शेवटी एकदम सोडतो. ५० पौंड दोन्हीकडे तेच, पण हार्ड कॅममध्ये ते ५० पौंड जास्त अंतरभर ओढावे लागतात. त्यामुळे लिंबमध्ये ऊर्जा जास्त साठते आणि बाण वेगाने जातो. ती ऊर्जा अर्थात तुमच्याच पाठीतून आलेली असते.

खरी गंमत शेवटच्या इंचात आहे. वजन उतरल्यानंतरच्या हलक्या पट्ट्याला व्हॅली म्हणतात, आणि त्यापुढे जिथे ओढ थांबते ती वॉल. सॉफ्ट कॅमची व्हॅली रुंद असते, नेम धरताना हात जरा सैल पडला तरी चालतं. हार्ड कॅमची अरुंद असते. दम सुटला, कोपर अर्धा इंच पुढे सरकलं, की धनुष्य हात ओढून नेतं. ऑफिस सुटल्यावर, गर्दीतून उभ्याने प्रवास करून सरावाला येणाऱ्या माणसाने हे आधी लक्षात घ्यावं. नवशिक्याला माझा सल्ला सॉफ्ट किंवा मध्यम कॅमचाच आहे. वॉल मात्र पक्की असू द्या. ही वॉल कॅमला अडवणाऱ्या स्टॉपमुळे मिळते; केबलवर टेकणाऱ्या स्टॉपपेक्षा लिंबवर टेकणारा स्टॉप जास्त घट्ट लागतो.

‘पण वेग कमी पडेल ना?’ जाहिरातीतला वेग बहुधा ७० पौंड, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेन (वजनाचं छोटं एकक) बाण धरून मोजलेला असतो. तुमची ओढ २७ इंच असेल तर साधारण इंचामागे १० फूट प्रतिसेकंद वजा करा, पौंड कमी असतील तर आणखी. शिवाय इंटरनेटवरचे बरेचसे रिव्ह्यू अमेरिकन शिकाऱ्यांसाठी असतात. त्यांना लक्ष्याचं अंतर अंदाजाने ठरवावं लागतं, म्हणून बाणाचा मार्ग जितका सपाट तितकं बरं. झाडावर बसून बराच वेळ ओढून धरायचं असतं, म्हणून ८५-९० टक्के लेट-ऑफही हवा. आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. आपण मारणार ५० मीटरवर, इनडोअर असेल तर १८ मीटरवर, आणि अंतर आधीच ठाऊक. तिथे हातातली स्थिरता गुण देते.

लेट-ऑफचा हिशेब सोपा आहे. ६० पौंड ही स्पर्धेतली कमाल मर्यादा. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर शेवटी हातावर १२ पौंड उरतात, ६५ टक्के असेल तर २१. बारा ऐकायला छान वाटतात, पण दोरीवर ताण फार कमी असला की हाताची बारीकशी चूकही बाणापर्यंत जाते. टार्गेट तिरंदाज बऱ्याचदा थोडं जास्त वजन हातावर ठेवतात ते यासाठीच. सुरुवात ७५ टक्के लेट-ऑफच्या आसपास करायला हरकत नाही.

मग एक कॅम की दोन? सिंगल कॅममध्ये खाली कॅम, वर साधी गोल कप्पी. दोन कॅम जुळवण्याची कटकटच नाही, पण दोरी खूप लांब असते आणि सुटताना बाणाचं मागचं टोक सरळ रेषेत राखणं अवघड जातं. ट्विन कॅममध्ये दोन्ही बाजू सारख्या, मात्र एक केबल जरा ताणली गेली की एक कॅम आधी थांबतो, दुसरा मागाहून. बायनरीमध्ये दोन्ही कॅम केबलने एकमेकांनाच बांधलेले असतात, त्यामुळे ते बरोबरीने फिरतात. हायब्रिड हा सिंगल आणि ट्विनच्या मधला. पहिल्या धनुष्याला मी बायनरी निवडेन. दोरी-केबल बदलायला बो प्रेस, म्हणजे लिंब दाबून धरणारं यंत्र, लागतो, तो घरी नसतो. जुळवणीसाठी जितक्या कमी खेपा, तितकं बरं.

मुंबईचा त्रास वेगळाच. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवलंत तर उष्णतेने दोरी ताणली जाऊन जुळवणी बिघडते. पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत कॅमचे आस, बेअरिंग गंजतात. ओलं धनुष्य केसमध्ये बंद करू नका. रिकर्व्ह सुटं करून पाठीवर टाकता येतं, कंपाउंड अख्खंच न्यावं लागतं. म्हणून लोकलने जाणाऱ्याला आखूड मॉडेलचा मोह होतो. आखूड धनुष्यांवर बहुधा आक्रमक, म्हणजे हार्ड कॅम असतात, दोरीचा कोनही तीव्र होतो. ३६ इंचांच्या पुढचं धनुष्य जास्त शांत राहतं. केसला सामानाच्या डब्यात जागा मिळते.

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेते झाले. त्यांना पाहून मुलगा किंवा मुलगी हट्ट धरून बसली असेल, तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा आणि फिरवता येणारं मॉड्यूल (ओढीची लांबी ठरवणारा कॅमवरचा छोटा भाग) असलेला कॅमच घ्या. त्यात प्रेसशिवाय ओढीची लांबी बदलते. काही कॅममध्ये प्रत्येक लांबीसाठी वेगळं मॉड्यूल विकत घ्यावं लागतं. वाढत्या वयात ते महागात पडतं. आणि विकत घेण्याआधी बाण लावल्याशिवाय दोरी सोडून पाहू नका. दुकानदाराने कितीही सांगितलं तरी. लिंब आणि कॅम दोन्ही तिथल्या तिथे तुटू शकतात.