दहापट भिंग: दगड घडलेला की घडवलेला?

झवेरी बाजारात जवाहिऱ्यांसाठी मिळणारं घडीचं भिंग दगड बघणाऱ्यांनीही जरूर घ्यावं. फक्त त्यावरच्या ‘३० एक्स, २१ मिमी’ (तीसपट, काचेची रुंदी २१ मिमी) या छापावर जाऊ नका. २५० मिमीला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे साधारण ज्या अंतरावर दगड भिंगातून स्पष्ट दिसतो त्याने, भागलं की पट निघते. तीसपटीसाठी ते जेमतेम ८ मिमी हवं. इथे दगड स्पष्ट दिसतो तो अडीच सेंटीमीटरवर. म्हणजे दहापट. कामाला तेवढी पुरते, पण छाप खोटा तो खोटाच.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि दगड हळूहळू पुढे आणा. आतला एलईडी बंद ठेवा. समोरून उजेड पडला की बारीक रेघा दिसेनाशा होतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा.

आता स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची, कांडी घ्या. नैसर्गिक कांडीच्या बाजूंवर बहुतेकदा लांबीला आडव्या, बारीक रेघा असतात, वाढतानाच उमटलेल्या. बाजू लहानमोठ्या असल्या तरी शेजारच्या दोघींतला कोन १२० अंशच भरतो. घासून पैलू पाडलेल्या कांडीवर पॉलिशच्या रेघा दिसल्याच तर पैलूगणिक दिशा बदलतात. काच असेल तर आत गोल बुडबुडे सापडतात आणि कडा बोथट असतात. नेटकेपणा हा माणसाच्या हाताचा पुरावा नव्हे. हत्याराची खूण शोधायची.

दगडातलं काळं ‘नेच्याचं पान’ असंच फसवतं. भिंगाखाली शिरा, देठ काहीच नसतं. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून मँगनीजची ऑक्साइडं साचत, फांद्या फुटत गेलेली असतात.

योगायोग की कुणाची करणी, एवढे दोनच पर्याय धरले की घोटाळा होतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिल या टेकडीचे दगडी खांब यांतल्या कशातच बसत नाहीत. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आकसला, तडकला. तडे खोल जात खांब सुटे झाले. असे खांब मोजले तर सहाच्या जोडीला पाच-सात बाजूंचेही निघतात. कान्हेरीच्या लेण्यांत मात्र खडकात कोरलेली पन्हळ पावसाचं पाणी टाक्यात नेऊन सोडते: उतार, वळण, टाकं, सगळं एकाच कामाला जुंपलेलं. तिथे भिंग खिशातच राहू द्या, दहा पावलं मागे जाऊन बघा.

भिंगावर धूळ बसली तर आधी फुंकर, मगच कापड. गारगोटीचा कण काचेवर कायमचा ओरखडा काढतो.